बातम्या करणारे व्यंकोबराव

व्यंकोबराव बातम्या ऐकत नसत. ते बातम्या करत असत.

म्हणजे काय, ते सांगते. लग्न होऊन मी साताऱ्याहून मद्रासला आले, तेव्हा आमच्या ह्यांना रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी होती आणि ट्रिप्लिकेनला एका 'स्टोअर'मध्ये दोन खोल्या होत्या. स्टोअर म्हणजे दुकान नव्हे हो. मधे अंगण, अंगणात विहीर आणि सभोवार दोन मजली बिऱ्हाडं, त्याला तिकडे स्टोअर म्हणतात. पहिल्या दिवशी सकाळी मी दार उघडून गॅलरीत आले तर समोरच्या खिडकीत एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. बंद गळ्याचा पांढरा कोट, डोक्यावर बांधीव पगडी, कपाळावर गंध. मागे टेबलावर भरतकामाचं आच्छादन घातलेला रेडिओ, आणि त्यातून तमिळ बातम्या. हे गृहस्थ रेडिओकडे पाठ करून उभे होते आणि बघता बघता त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले, तोंड फुगवलं आणि खोलीत गोल गोल धावायला लागले.

मी हातातली बादली तिथंच ठेवली.

दोन चकरा मारून ते थांबले, वाकून कुणाला तरी नमस्कार केला, गळ्यात हार घालून घेतल्यासारखी मान पुढे केली. मग एकदम खिसे उलटे करून दाखवले. मग हळूहळू फुंकर सोडत खाली बसत गेले, बसत गेले, अगदी उकिडवे झाले आणि तिथूनच दोन्ही हातांनी वर पाऊस पाडला.

मी आत जाऊन ह्यांना म्हटलं, "अहो, समोर वेडा माणूस राहतो."

हे दाढी करत होते. म्हणाले, "तिकडचा नाच असेल एखादा."

नाच कसला डोंबलाचा! नंतर मला कळलं. पंतप्रधान विमानानं परदेशी गेले, तिथं त्यांचं स्वागत झालं, कसलासा कर वाढला आणि बंगालच्या उपसागरात हवेचा दाब कमी झाला. इतकंच. सगळी बातमीपत्रं माणसं कानांनी ऐकतात, व्यंकोबराव ती अंगानं करायचे.

आणि बातम्यांवर भागतं का? सकाळच्या सनईपासून, म्हणजे तिकडच्या नागस्वरापासून, जो कारभार सुरू व्हायचा तो रात्री रेडिओ निरोप घेईपर्यंत. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागला की राव धोतराचा काचा मारून भाताची रोपं लावायचे. मुलांच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवत उड्या मारायचे. बायकांच्या कार्यक्रमात कुणी बाई मोरकुळंबू, म्हणजे तिकडची ताकाची कढी, कशी करावी ते सांगत असली, तर हे खिडकीत उभे राहून हवेतलं खोबरं हवेतल्या पाट्यावर वाटत असायचे. खरं सांगते, मी मोरकुळंबू शिकले ते त्यांच्याकडे बघून, कारण मला तमिळचं अक्षर कळत नव्हतं. नाटक असलं तर बघायलाच नको. राजा हेच, प्रधान हेच, आणि राणीचं बोलणं आलं की उपरणं डोक्यावरून घेऊन लाजायचेही हेच. चेपॉकच्या मैदानावर कसोटी सामना असला की रेडिओवर वर्णन, खिडकीतून मैदानावरचा खराखुरा आरडाओरडा आणि मधे राव. एकदा झेल घेताना त्यांनी पितळेचा तांब्या अंगणात भिरकावला होता. नशीब, विहिरीवर कुणी नव्हतं.

मग एके दिवशी मी वाटीत शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि गेले त्यांच्या दाराशी. समोर झोपाळ्यावर एक बाई पाठमोऱ्या बसलेल्या. नऊवारी लुगडं, पांढऱ्या केसांचा मोठा अंबाडा, त्यात मोगऱ्याचा एक वेढा. मी म्हटलं, "येऊ का?" उत्तर नाही. मोठ्यानं म्हटलं, "अहो बाई!" झोपाळा आपला हलतोच आहे. मी मनात म्हटलं, काय बाई तरी गर्व! तेवढ्यात आतून राव आले, मला बघितलं आणि जमिनीवर टाच दोनदा आपटली. धप, धप. बाई लगेच वळल्या. मला बघून इतकं गोड हसल्या की मी लाडवांची वाटी धरून तशीच उभी राहिले.

"यावें, यावें," राव म्हणाले. "तिला ऐकूं येत नाहीं. विषमज्वर झाला, तेव्हांपासून. वीस वर्षें होऊन गेलीं की."

पहिल्यांदा मला धक्का बसला तो मराठीचा! तीन आठवडे मी मराठी शब्दासाठी तळमळत होते, आणि समोर हा माणूस बखरीतून उठून आल्यासारखा बोलत होता. ही तंजावरकडची मंडळी. पूर्वज कधी काळी राजांबरोबर दक्षिणेत उतरले ते तिथलेच झाले. मराठी दोनशे वर्षांपूर्वीची आणि हेल तमिळ. मी साताऱ्याची म्हटल्यावर राव उठून उभे राहिले आणि त्यांनी पगडी सारखी केली. म्हणाले, "देशांतून आलीस, लेकी? अय्यो, मग तूं आमच्या माहेरची!" पुरुषाचं माहेर मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग त्या खिडकीतल्या नाचाचा उलगडा झाला. झोपाळा भिंतीच्या कोपऱ्याला होता, तो आमच्या गॅलरीतून दिसत नसे. राव जे काही करत, ते झोपाळ्यासमोर करत. अक्कांसाठी. सगळं स्टोअर त्यांना अक्काच म्हणायचं.

रेडिओ घेतला तोच मुळी अक्कांसाठी. अक्का तंजावरात वाढल्या, गाण्यावर जीव. उत्सवात पहाटेपर्यंत पुढच्या रांगेत बसणारी ही मुलगी. रावांनी पगारातून साठवून साठवून रेडिओ आणला, आणि जेमतेम एक उन्हाळा तो अक्कांच्या कानी पडला. मग तो ताप आला. लोक म्हणाले, विकून टाका. रावांनी काय केलं असेल? कचेरीतून आले की हातपाय धुऊन रेडिओसमोर उभे राहू लागले. पेन्शनीत निघाल्यावर तर दिवसभर.

"पण राव, सगळं कशाला करता?" मी एकदा विचारलं. "निवडक करावं. ते बाजारभाव तरी सोडा!"

रावांना ते फार लागलं. "गाळणें काफीला, लेकी, बातमीला नव्हे. तो मनुष्य तिथें बसून इतकें बोलालाय, मी कोण त्यांतलें काढणार?" आणि खरंच, ते काही काढायचे नाहीत. निवेदक खोकला तर तो खोकलासुद्धा अक्कांपर्यंत पोचायचा. मधेच रेडिओ बंद करणं त्यांना अपमान वाटायचा. माणूस आपल्या घरी आला, बोलतो आहे, आणि आपण कान पिळून त्याला गप्प करायचं? काही मर्यादा आहे की नाही? म्हणून तो कोट आणि ती पगडी. पाहुण्यासमोर उघड्या अंगानं बसायचं कसं!

एकाच कार्यक्रमात राव उघडे पडायचे. संध्याकाळची कचेरी. कचेरी म्हणजे तिकडे गाण्याची मैफल. रावांना गाण्यातलं ओ की ठो कळायचं नाही. अक्का सांगायच्या, लग्न झाल्यावर ज्या ज्या मैफलीला गेलो त्यात हे घोरले. (अक्का बोलायच्या, पण फक्त घरात. स्वतःचा आवाज किती मोठा निघतो ते कळत नसे, आणि एकदा लग्नघरी कुणीतरी हसलं, तेव्हापासून परक्यात त्यांनी तोंड उघडलं नाही.) पण ह्या माणसानं पन्नाशीनंतर पार्थसारथीच्या देवळाजवळच्या एका मृदंगवाल्याकडे जाऊन ताल शिकून घेतला. लहान पोरांच्या रांगेत मांडी घालून! मग संध्याकाळी झोपाळ्यासमोर बसायचे, एका हाताने अक्कांच्या गुडघ्यावर ताल धरायचे, दुसऱ्याने गळा कुठे वर गेला, कुठे खाली आला ते हवेत दाखवायचे, ओठांनी शब्द दाखवायचे. चुकायचे. अक्का हातावर चापट मारायच्या. हे पुन्हा मोजायचे.

असा सगळा संसार. आणि त्यात ती बातमी आली.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते तर अंगणातून राव चक्क पळत आले, पगडी हातात! "लेकी! लेकी! वाचलास पेपर? टेलिव्हिजन येणार!"

आयलंड ग्राउंडवर कसलंसं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक दिवसासाठी सरकारी रेडिओची माणसं दिल्लीहून यंत्रं घेऊन येणार होती. एका मांडवात कार्यक्रम करायचे, आणि दुसऱ्या मांडवात ते पेटीत दिसायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाना तऱ्हा: बातम्या, नाच, मुलांची गाणी, शेती, स्वयंपाक, कठपुतळ्या आणि शेवटी कचेरी. गाणारे विद्वान कोण, तर ज्यांच्या गाण्यासाठी अक्का लहानपणी तंजावरात जागायच्या तेच! आता पार म्हातारे झालेले.

"दिसणारा रेडिओ!" राव म्हणाले. "तिला दिसेल, लेकी. बोलालेत तें दिसेल, गालेत तें दिसेल!" त्यांनी ही बातमी अक्कांना केली तेव्हा मी तिथंच होते. रिकाम्या लाकडी खोक्यात डोकं घालून राव आतून गायले. अक्का इतक्या हसल्या की झोपाळा थांबवावा लागला.

पुढचे दिवस स्टोअरमध्ये दुसरा विषय नव्हता. विहिरीवर तेच, जिन्यात तेच. कुणी म्हणे, पेटीतल्या माणसाला आपणही दिसतो. राव म्हणाले, "दिसूं दे की! आम्ही काय लपवतों?" आणि पगडी नव्याने बांधायला दिली. अक्कांनी ट्रंकेतली कुंकवाच्या रंगाची रेशमी लुगडी उन्हात टाकली. मीही माझी पैठणी काढली. ह्यांनी रजा टाकली. ह्यांनी! जे सख्ख्या भावाच्या मुंजीलाही रजा टाकत नाहीत!

पण आदल्या दिवशी राव गप्प. रेडिओ चालू, आणि हे नुसते खुर्चीवर बसलेले. मी घाबरले. म्हटलं, "राव, बरं नाही का?"

"बरें आहे की." मग रेडिओकडे बघत म्हणाले, "आज ना उद्यां ती पेटी घरोघर येईल, होय ना?"

"येईल की. रेडिओ आला तशी येईल."

"मग तिला मी कशाला?" राव म्हणाले. "विद्वान स्वतः समोर बसून गातील. मज्यासारखा बेसूर मनुष्य कोण बघेल? वीस वर्षें सोंगें केलीं, लेकी. दुसरें कांही येत नाहीं मला. सोंग गेलें तर तिच्यासमोर बसून मी करूं काय?"

ह्या माणसाला यंत्राचा मत्सर वाटत होता. आणि तरीही उद्याचा टांगा, ज्याला तिकडे जटका म्हणतात, तो त्यांनीच सकाळी जाऊन ठरवून ठेवला होता.

प्रदर्शनात काय गर्दी, बाई! आम्ही उजाडताच पोचलो म्हणून पुढची रांग मिळाली. मांडवात उंच घडवंचीवर ती पेटी. काच केवढी, तर आमच्या परातीएवढी. ती लागली आणि आत एक निळसर बाई उमटली आणि तिनं सगळ्यांना नमस्कार केला. राव ताडकन उठले, पगडी सावरली आणि वाकून उलट नमस्कार! मागून शंभर आवाज, "ओक्कारय्या! ओक्कार!" म्हणजे खाली बस की रे बाबा. पण राव बाईचं बोलणं संपेपर्यंत बसले नाहीत. आमचे हे त्यांच्या कोटाचं टोक ओढून थकले.

मग एकावर एक सुरूच! मुलं गायली. एकीनं डोसा घातला, तो उलटेना, सगळा मांडव हळहळला. एका शेतकऱ्यानं बैल आणला होता, त्याचं नुसतं नाकच पेटीभर दिसलं. मधेच चित्र फिरायला लागायचं, माणसांचे पाय वर आणि डोकी खाली, की शर्टाच्या बाह्या सरसावलेला इंजिनियर मागे जाऊन काहीतरी पिळायचा. लोक खात्री करून घ्यायला पलीकडच्या मांडवात धावायचे, बैल खराच आहे बघून परत धावायचे. आमच्या ह्यांनीही दोन फेऱ्या मारल्या. "आहे गं, खरंच आहे," असं मला येऊन सांगत होते, जसं काही मी नाही म्हटलं होतं.

आणि अक्का! मी पेटी कमी आणि अक्का जास्त बघत होते. डोळे एवढे मोठे झालेले, पापणी लवत नव्हती. बातम्या सुरू झाल्या तशी रावांच्या अंगात सवय जागी झाली. पूर आल्याची बातमी होती, रावांचे हात पाणी होऊन वर चढायला लागले. अक्कांनी पेटीवरची नजर न काढता ते हात धरले आणि खाली दाबले. "थांबा," त्या आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हणाल्या. "दिसतें मला."

राव थांबले. थोड्या वेळाने कठपुतळ्यांच्या वेळी पुन्हा एक बोट वर गेलं, ते त्यांचं त्यांनीच खाली घेतलं. मग त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले. सगळा मांडव हसत होता, टाळ्या पिटत होता, आणि रावांचं तोंड बघवत नव्हतं मला. आम्ही केळीच्या पानातला दहीभात आणला तो त्यांनी तसाच ठेवला.

उन्हं कलल्यावर कचेरी लागली. विद्वान पेटीत आले. वाळलेले, मोठ्या कानांचे, कानात हिऱ्याच्या कुड्या. पेटीभर त्यांचा चेहरा. अक्कांनी दोन्ही हात छातीशी घेतले. रावांकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही, हे मी शपथेवर सांगते. विद्वानांनी तोंड उघडलं, दोन ओळी गायले, मृदंगाची थाप पडली, आणि खर्रर्र! आवाज गेला.

चित्र होतं. आवाज नाही. विद्वानांचा गळा फुगतो आहे, मृदंगावर बोटं नाचताहेत, आणि मांडवात चिडीचूप. मग जी ओरड सुरू झाली! शिट्ट्या काय, "पैसे परत करा" काय, फुकटचा खेळ असून! इंजिनियर पेटीच्या मागे अर्धा आत गेला. राव कानाला हात लावून पुढे वाकले, डावीकडे झाले, उजवीकडे झाले.

त्या हालचालीनं अक्कांची नजर पेटीवरून निघाली. त्यांनी रावांकडे पाहिलं. मागच्या चिडलेल्या लोकांकडे पाहिलं. पुन्हा रावांकडे.

"आवाज गेला?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

रावांनी मान हलवली.

अक्कांनी पेटीकडे बघत हात पुढे केला आणि रावांच्या गुडघ्यावर ताल धरला. पक्का, एक घाव इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या हातानं गळ्याची वाट हवेत काढायला लागल्या. आणि बोलायला लागल्या. भर मांडवात! "तेंच गाणें, हो! रथाच्या दिवशीं गायले होते, तुम्ही झोपलां होतांत. ऐका. पहिली ओळ पुन्हां. पुन्हां तीच. आतां वर चाललेत... अजून वर... बसले खालीं येऊन! मृदंगवाला हसला, बघा, त्याला आवडलें." आवाज केवढा मोठा, मागच्या तीन रांगा ओरडायच्या थांबून बघायला लागल्या. अक्कांना त्याचं भानच नव्हतं. नुसत्या सांगत होत्या, एकेक, काही न गाळता.

राव ऐकत होते. गाण्यात कधी जागा न राहिलेला तो माणूस डोळे फाडून त्या हाताकडे बघत होता, आणि धारा लागलेल्या डोळ्यांना पुसायचंही सुचत नव्हतं त्यांना. माझंही तेच झालं होतं, ते जाऊ दे.

तेवढ्यात पेटी गुरगुरली आणि आवाज आला. भरघोस, स्वच्छ आवाज, तंबोरा, मृदंग, सगळं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. इंजिनियर घाम पुसत बाहेर आला. अक्का पेटीत डोळे रुतवून तशाच ताल देत होत्या, सांगत होत्या. त्यांना कसं कळणार? मागचा एक जण खेकसला, "अम्मा, आता पुरे!" आमचे हे पुढे वाकून अक्कांना खूण करायला निघाले, तशी मी त्यांचं मनगट धरलं.

कारण रावांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. नवी पगडी, पांढरा कोट, पहिल्या रांगेत ताठ बसलेले, कानांत बोटं घट्ट, आणि नजर अक्कांच्या हातावर. पेटीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"आतां स्वर घेतलेत," अक्का म्हणाल्या. "लक्ष आहे ना?"

रावांनी मान डोलावली.